मेंदूतली ‘रिंग’ कुणाची?

चांदवडला धडधाकट पोराला अचानक आकडी आली, की जमलेल्यांतला कुणीतरी त्याच्या नाकाशी कांदा धरतो. कांद्याचं गाव, तेव्हा तो मिळायला वेळ लागत नाही. उपयोग शून्य. आकडी बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला जातं. मग मुंबई-आग्रा रस्त्याने सुमारे 65 किलोमीटरवरचं नाशिक, तिथे सीटी स्कॅन आणि रिपोर्टमध्ये एक शब्द: रिंग. घरच्यांच्या मनात पहिली शंका येते ती कॅन्सरची.

ही रिंग उमटते कशी? शिरेतून सोडलेलं कॉन्ट्रास्टचं औषध एरवी मेंदूत उतरत नाही, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या ते अडवून धरतात. सूज येऊन त्यांच्या भिंती ढिल्या झाल्या, की तेवढ्याच जागी ते झिरपतं आणि स्कॅनवर पांढरं दिसतं. गाठीच्या मध्यात मेलेल्या पेशी, पू किंवा पाणी असतं. तिथे रक्त पोचत नाही, म्हणून मधला भाग काळाच राहतो. क्षयाची गाठ, टेपवर्मची अळी, पुवाचं गळू, कर्करोग, रिंग या सगळ्यांचीच होऊ शकते. रोगाचं नाव तिच्यावर लिहिलेलं नसतं.

1980 च्या दशकात आपल्याकडे सीटी स्कॅन होऊ लागले, तेव्हा लहानशी रिंग म्हणजे टीबी असंच बहुतेकांनी धरलं. क्षयाचा देश, त्यामुळे ते साहजिकही होतं. रुग्णाला महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या, पुन्हा स्कॅन केला तर रिंग गायब. औषध लागू पडलं! पण ज्यांनी त्या गोळ्या घेतल्याच नव्हत्या, त्यांच्याही रिंगा नाहीशा होत होत्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले मेंदूशल्यचिकित्सक मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काही गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तर आत अळीच्या खुणा. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी हे मांडलं. अळी जिवंत असते तोवर शरीराला तिचा फारसा पत्ता लागत नाही. ती मरू लागली, की भोवती सूज येते, रिंग दिसते, आकडी येते. पुढे रिंग विरूनही जाते. थोडक्यात, कांद्याचाच प्रकार, फक्त इस्पितळात घडलेला.

याच गटाने 1993 मध्ये फरक ओळखण्याच्या कसोट्या दिल्या. गाठ 20 मिलिमीटरपेक्षा लहान, कडा गोल, मेंदूची मधली रेषा जागेवर, हातापायाची शक्ती वाढत्या प्रमाणात जात नाही, तर अळीची शक्यता जास्त. त्याहून मोठी, वेडीवाकडी आणि मधली रेषा ढकलणारी गाठ क्षयाकडे बोट दाखवते. मला यातलं कौतुक वाटतं ते साधेपणाचं: महागडं यंत्र नको, फिल्मवर मोजपट्टी आणि रुग्णाशी नीट बोलणं पुरे. अर्थात 20 मिलिमीटर हा काही कायदा नव्हे. शंका उरली तर एमआरआय. रिंगच्या आत एका बाजूला ठिपका दिसला, तर ते अळीचं डोकं. याहून पक्का पुरावा स्कॅन देत नाही. गळवातला घट्ट पू डिफ्यूजन नावाच्या चित्रात लख्ख चमकतो. स्पेक्ट्रोस्कोपीत चरबीजन्य पदार्थांचा उंच सुळका आला, तर क्षयाचा संशय बळावतो.

‘पण आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही,’ हे डॉक्टरांना हमखास ऐकावं लागतं. अळी असलेलं डुकराचं मांस अर्धकच्चं खाल्लं, तर पोटात टेपवर्म होतो. मेंदूत अळी जाते ती टेपवर्म झालेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी पोटात गेल्याने: न धुतलेल्या हातांतून, दूषित पाण्यातून, कच्च्या भाजीतून. न्यूयॉर्कमध्ये डुकराला न शिवणाऱ्या सनातनी ज्यू कुटुंबांतही हा आजार सापडला. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तपासात संशय गेला तो लॅटिन अमेरिकेतून आलेल्या, घरकाम करणाऱ्या बायकांकडून होणाऱ्या संसर्गावर.

रिंगच्या बाबतीत थोडी वाट पाहता येते. क्षयाच्या मेनिंजायटिसमध्ये वाट पाहणं जिवावर बेततं. तिथे मेंदूचा तळ कॉन्ट्रास्टने उजळतो, आतल्या पोकळ्या पाण्याने फुगतात; पण सुरुवातीला स्कॅन अगदी नॉर्मलही येऊ शकतो. ताप, उलट्या, गुंगी असेल तर पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासावंच लागतं. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावावरून 1965 मध्ये ज्याचं नाव पडलं, तो मेंदूज्वराचा विषाणू तर मुलाला एक-दोन दिवसांत नेऊ शकतो. तिथेही स्कॅनवर विसंबून चालत नाही.

अळीची रिंग असलेल्या रुग्णाला आकडीच्या गोळ्या देतात, बऱ्याचदा जंतांवरचं अल्बेंडाझोल आणि स्टेरॉइडही. डोळ्यात अळी नाही ना, हे आधी पाहून घेतात. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन. गाठ नाहीशी झाली असेल, तर आकडीच्या गोळ्या हळूहळू बंद करण्याचा विचार होतो. चुन्याचा पांढरा ठिपका मागे राहिला, तर आकडी परतण्याचा धोका जास्त, म्हणून गोळ्या लांबतात. हा ठिपका एमआरआयपेक्षा साध्या सीटीवर चांगला दिसतो. तेव्हा दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी स्वस्तातला सीटीच सांगितला आणि पहिली फिल्म सोबत आणायला लावली, तर त्यात कंजुषी नसते.