विसाव्याचा आनंद



श्रीक्षेत्र जामसांवली येथे श्रीहनुमंत पिंपळवृक्षाखाली पहुडलेल्या मुद्रेत आहेत, हे आपण जाणताच. अन्यत्र मारुतीराया पर्वत उचलून उड्डाण करीत असतात, अथवा प्रभूंसमोर हात जोडून सेवेस तत्पर असतात. येथे मात्र ते विश्राम घेत आहेत. संजीवनीच्या प्रवासात ते येथे विसावले, अशी एक आख्यायिका आहे; गुप्त धनाच्या लोभाने उभी मूर्ती हलविण्याचा प्रयत्न झाला तेव्हा ती आडवी झाली, अशी दुसरी. त्यांचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु सर्वांत कष्टाळू सेवकाची विसावलेली मूर्ती पूजणाऱ्या आपणा सर्वांस स्वतःच्या विसाव्याची लाज का वाटावी, हा प्रश्न आम्हांस पुष्कळदा पडतो.

आपल्या सौंसर-पांढुर्णा भागातील संत्र्याचे बगीचे याविषयी पुष्कळ काही शिकवितात. आंबिया बहार घ्यावयाचा असल्यास बागायतदार डिसेंबरच्या सुमारास झाडांचे पाणी तोडतो. यालाच आपण ताण देणे म्हणतो. हलक्या जमिनीत हा ताण साधारण महिनाभर, तर भारी काळ्या जमिनीत त्याहून अधिक काळ द्यावा लागतो. झाडाची वाढ थांबते, पाने मलूल होतात, काही गळूनही पडतात. अनोळखी माणसास वाटावे, हा बगीचा दुर्लक्षित आहे. पुढे हलके ओलीत सुरू झाले की फांद्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात आणि रस्त्याने जाणाऱ्यासही तो सुगंध थांबवितो. ताणाच्या काळात अवकाळी पाऊस झाला, तर मात्र झाडास विश्रांती मिळत नाही. नवी पालवी भरपूर फुटते आणि फुले कमी येतात. बाहेरून हिरवेगार दिसणारे असे झाड पाहून जाणता शेतकरी हळहळतो. आपल्या परिचयातही अशी हिरवीगार माणसे असतील. दिवसभर कामात असतात, हिशेब चोख ठेवतात, पण हिवाळ्यातल्या उन्हात अंगणात बसून एक संत्रे सावकाश सोलून खाल्ल्यास त्यांस कित्येक वर्षे लोटलेली असतात.

नागपूरहून साधारण ६५ किलोमीटर प्रवास करून येणारे कितीतरी भाविक दर्शन होताच गाडीकडे वळतात. नोकरी-व्यवसायाच्या अडचणी आम्ही समजू शकतो. तरीही पिंपळाची पाने वारा नसल्यासारखे वाटत असतानाही सळसळतात, ती ऐकण्यासाठी थोडे थांबावे, अशी आमची विनंती आहे.

आपल्या पूर्वजांनी तर जनावरांच्या विसाव्याचाही सण केला. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळले जातात आणि श्रावण अमावास्येला त्यांच्या मानेवर जू ठेवले जात नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, आपला भाग मध्यप्रदेशातच राहिला. तथापि पोळ्याचे तोरण दोन्हीकडे बांधले जातच राहिले. आता ट्रॅक्टरमुळे पुष्कळ गोठे रिकामे झाले आहेत, ही खंत निराळी.

मात्र एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आम्हांस कर्तव्य वाटते. ज्या दिवशी बैलास सुटी असते, त्या दिवशी घरातील माताभगिनींस दुप्पट काम असते. पहाटे पुरण शिजविण्यापासून रात्री भांडी आवरण्यापर्यंत त्यांच्या खांद्यास कोणी तूप लावीत नाही. ओसरीवर बसून आपण ज्यास सणाचा आनंद म्हणतो, तो बहुतांशी त्यांच्या चुलीपाशी तयार झालेला असतो. भरलेल्या जीवनाविषयी प्रवचने करताना हा भाग आपण सोयीने वगळतो. आम्हीही वगळीत आलो आहोत.

आमच्यापैकी एकाच्या घरी मागील पोळ्यास पुरुषमंडळींनी स्वयंपाक करावयाचे ठरविले. पुरण सैल झाले, पोळ्या तव्यावरच फाटल्या, दोनदा गूळ आणावा लागला. बैलजोड्या तोरणाखाली जमू लागल्या तेव्हा घरातील वृद्ध मातोश्री नवे लुगडे नेसून सर्वांच्या आधी तेथे जाऊन बसल्या होत्या. इतकी वर्षे त्या घरासमोरून परतणारे बैल तेवढे ओवाळीत आल्या होत्या. तोरण कसे तुटते, ते त्यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिले.