बेट एक, खिसे तीन

२९ जून २०२४ रोजी बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, आणि जगज्जेता संघ हॉटेलातच अडकून पडला. अटलांटिकवरून ‘बेरिल’ नावाचं चक्रीवादळ येत होतं. विमानतळ बंद झाला. १ जुलैला वादळ बार्बाडोसच्या दक्षिणेकडून पुढे सरकलं आणि ग्रेनेडाच्या कॅरियाकू बेटावर जाऊन आदळलं. खास विमानाने संघ दिल्लीत उतरला तो ४ जुलैच्या सकाळी. मरीन ड्राइव्हवर उसळलेली ती गर्दी त्याच संध्याकाळची.

सुट्टीवर गेलेल्या कुटुंबाला आणायला मात्र खास विमान येत नाही. म्हणून कॅरिबियनच्या सहलीचा हिशेब मांडताना हॉटेलच्या दराआधी कॅलेंडर उघडावं लागतं.

तिथला वादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्यातही मध्य ऑगस्ट ते ऑक्टोबर हा सर्वांत धोक्याचा काळ. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी नेमकी वादळांच्या हंगामातच पडते. नाताळची सुट्टी हवामानाच्या दृष्टीने उत्तम, पण खिशाच्या दृष्टीने सर्वांत वाईट. कारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधले थंडीला कंटाळलेले लोक या बेटांवर लोटतात आणि खोल्यांचे दर शिगेला पोचतात. या दोहोंच्या मध्ये उरतात दोन फटी. एक ईस्टरनंतर मे अखेरपर्यंत, दुसरी नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. महाराष्ट्रातल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी पहिल्या फटीत चपखल बसते. त्या दिवसांत एकच कटकट संभवते: सरगॅसम नावाचं तपकिरी समुद्रशेवाळ. २०११ पासून वसंत आणि उन्हाळ्यात ते मोठ्या प्रमाणावर किनाऱ्याला लागू लागलं आहे. बार्बाडोसमध्ये त्याचा त्रास पूर्व आणि दक्षिण किनाऱ्याला जास्त, पश्चिमेला कमी.

वादळांच्या हंगामातच जायचं असेल, तर अरुबा, बोनेर आणि क्युरासाव ही बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत. त्रिनिदादलाही सहसा थेट तडाखा बसत नाही. प्रवासविमा तिकिटाबरोबरच काढावा. वादळाला नाव पडल्यानंतर घेतलेला विमा साधारणपणे त्या वादळामुळे झालेलं नुकसान भरून देत नाही.

पासपोर्ट काय म्हणतो?

कॅरिबियन म्हणजे एक ठिकाण नव्हे. बार्बाडोस ते जमैका हे अंतरच सुमारे १,९०० किलोमीटर आहे. मध्ये स्वतंत्र देश आहेत, तशीच ब्रिटन, फ्रान्स, नेदरलँड्स आणि अमेरिकेच्या ताब्यातली बेटंही आहेत. प्रत्येकाचे नियम वेगळे. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा न काढता जाता येतं अशांत बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद व टोबॅगो, ग्रेनेडा, डॉमिनिका आणि सेंट व्हिन्सेंट यांची नावं येतात. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप ही फ्रान्सची बेटं असली, तरी साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. नियम बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करून घेणं भाग आहे.

खरी मेख वाटेत असते. मुंबईहून या बेटांना थेट विमान नाही. लंडनहून बार्बाडोसला साडेआठ-नऊ तास लागतात, त्याआधी मुंबई-लंडनचा टप्पा. अमेरिका, कॅनडा यांसारख्या देशांचा चालू व्हिसा जवळ नसेल, तर लंडनला नुसतं विमान बदलण्यासाठीही ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. अमेरिकेतून जायचं तर तिथलाही व्हिसा हवाच. म्हणजे ज्या बेटाला व्हिसा लागत नाही, तिथे पोचायला व्हिसा लागतो.

जाण्या-येण्यात आणि साडेनऊ तासांच्या वेळेच्या फरकाशी जुळवून घेण्यात तीन दिवस सहज जातात. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्याने त्यामुळे किमान आठ-नऊ दिवस हाताशी ठेवावेत. चार दिवसांची झटपट सहल खऱ्या अर्थाने जमते ती न्यू जर्सी, ह्यूस्टन किंवा टोरांटोच्या मराठी घरांना.

एकाच बेटावर तीन मुक्काम

बार्बाडोसचं क्षेत्रफळ साधारण ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्यापेक्षा किंचित कमी. लांबी ३४ किलोमीटर. बार्बाडियन डॉलरचा दर १९७५ पासून अमेरिकी डॉलरला दोन असा बांधलेला, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. नळाचं पाणी प्रवाळाच्या चुनखडीतून गाळून आलेलं आणि पिण्याजोगं. बाटलीबंद पाण्याचा खर्च वाचतो. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, इथले सगळे समुद्रकिनारे सार्वजनिक आहेत. पश्चिम किनाऱ्यावरच्या ज्या सँडी लेन हॉटेलात २००४ मध्ये टायगर वूड्सचं लग्न झालं, त्याच्यासमोरच्या वाळूवरही कुणालाही टॉवेल अंथरता येतो. समुद्र सगळ्यांना सारखा मिळतो. बिल फुगतं ते झोपण्या-खाण्याचं आणि फिरण्याचं.

हात आखडता असणाऱ्यासाठी दक्षिण किनारा सोयीचा. हेस्टिंग्जपासून सेंट लॉरेन्स गॅपपर्यंतच्या पट्ट्यात गेस्टहाउस आणि स्वयंपाकघर असलेल्या छोट्या सदनिका मिळतात. समोरच्या रस्त्यावरून बस सतत धावतात: सरकारी निळ्या, खासगी पिवळ्या मिनीबस आणि ‘झेडआर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मोठ्याने गाणी लावलेल्या पांढऱ्या व्हॅन. कुठेही जा, २०१९ पासून भाडं साडेतीन बार्बाडियन डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकी डॉलर. सुटे पैसे जवळ हवेत. टॅक्सीला मीटर नसतो. दर ठरलेले असतात, पण बसण्याआधी विचारून घेणं आणि ते कोणत्या डॉलरमध्ये आहेत हेही विचारणं शहाणपणाचं.

दुपारी ‘कटर’ खावा. पावात मासा, चीज किंवा अंडं घालून देतात. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सच्या मासळीबाजारात मासे भाजण्याचा जो सोहळा चालतो, तिथे मात्र एकदा हात सैल सोडावा; मोठ्या बशीत मासा, चीज घालून भाजलेला ‘मॅकरोनी पाय’ आणि बाजूला संगीत. कार्लाइल बेच्या उथळ पाण्यात पोहणाऱ्याला कासवं दिसतात, त्याचे पैसे पडत नाहीत. ब्रिजटाउन आणि तिथली जुनी लष्करी छावणी २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, तीही पायीच बघायची. विमानभाडं सोडून, मे महिन्यासारख्या उतरत्या दरांत, दोघांचा असा दिवस ढोबळमानाने दीडशे अमेरिकी डॉलरच्या आसपास भागावा.

मधल्या बजेटमध्ये दक्षिण किनाराच धरावा, पण खोली समुद्रासमोरची घ्यावी. एक दिवस कॅटमरान बोटीवर घालवावा. जेवण आणि स्नॉर्केलिंगसह ही सफर मिळते. एक दिवस गाडी भाड्याने घ्यावी. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. पर्यटकाला लागणारा तात्पुरता परवाना गाडी देणारी कंपनीच मिळवून देते. गाडी असली की बेटाची दुसरी बाजू उघडते. बॅथशीबाला अटलांटिकच्या लाटा खडकांवर फुटतात. तिथे पोहायचं नसतं, बघत बसायचं असतं. हॅरिसन्स केव्हच्या चुनखडीच्या गुहेतून छोटी ट्राम फिरवून आणते. संध्याकाळी बाहेर जेवण आणि सकाळचा नाश्ता खोलीतल्या स्वयंपाकघरात, असं गणित ठेवलं तर दोघांचे रोजचे तीनशे ते चारशे अमेरिकी डॉलर धरून चालावं.

सढळ हाताने खर्च करणाऱ्यासाठी पश्चिम किनारा आहेच. शांत, तळ दिसेल असं पाणी आणि सूर्यास्त. इथे थंडीच्या हंगामात एका रात्रीसाठी हजार अमेरिकी डॉलरहून जास्त मोजायला लावणारी हॉटेलं आहेत. तीन-चार कुटुंबं एकत्र येणार असतील, तर स्वयंपाकीण-सफाईसह मिळणारा व्हिला वाटून घेतल्यावर डोईजड होत नाही, हे बऱ्याचदा लक्षात येत नाही.

‘सर्वसमावेशक’ रिसॉर्ट हा चौथा मार्ग. जमैकात १९८१ मध्ये सुरू झालेल्या सँडल्स या कंपनीने जोडप्यांसाठीची ही पद्धत लोकप्रिय केली. तिची दोन रिसॉर्ट बार्बाडोसच्या दक्षिण किनाऱ्यावर आहेत. एकदा पैसे भरले की खाणं-पिणं, खेळ सगळं त्यात. पण या किमतीत मद्याचा वाटा मोठा असतो. न पिणारा शाकाहारी माणूस तिथे शेजारच्या टेबलावरच्या रमचे पैसे भरत असतो. शिवाय जो दिवसभर बेटावर भटकणार आणि रात्री फक्त झोपायला येणार, त्याला हा सौदा कधीच परवडत नाही. लहान गावात, जिथे बाहेर खायची सोय कमी, तिथे मात्र तो उपयोगी पडतो.

केन्सिंग्टन ओव्हलबाहेर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा आहे. १९७१ मध्ये याच मैदानावर सोबर्स यांनी नाबाद १७८ धावा केल्या, त्याच सामन्यात दिलीप सरदेसाईंनी १५० आणि सुनील गावसकरांनी दुसऱ्या डावात नाबाद ११७. क्रिकेटवेड्या घरात एवढ्या कारणावरूनही बेट ठरतं.

बार्बाडोस नको असेल तर

गावसकरांच्या पदार्पणाचा सामना झाला तो पोर्ट ऑफ स्पेनला, आणि कमी खर्चात शाकाहारी माणसाचं पोट भरायचं तर त्रिनिदादसारखं बेट नाही. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज भारतीय गिरमिटियांना, म्हणजे करारबद्ध मजुरांना, घेऊन इथे आलं. आजही तो दिवस राष्ट्रीय सुट्टीचा आहे. त्यांच्या वारशातून आलेला ‘डबल्स’ हा पदार्थ, म्हणजे दोन मऊ तळलेल्या ‘बारा’ नावाच्या पुऱ्यांमध्ये हरभऱ्याची मसालेदार उसळ, रस्त्यावर उभ्याने खातात. समुद्रासाठी जोडीला टोबॅगो आहे: विमानाने अर्ध्या तासाच्या आत, बोटीने चारेक तासांत. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये रात्री एकट्याने भटकणं टाळावं. कार्निव्हल ॲश वेन्सडेच्या आधीच्या सोमवार-मंगळवारी असतो. त्या आठवड्यात खोल्यांचे दर कित्येक पटींनी वाढतात. बार्बाडोसच्या क्रॉप ओव्हर उत्सवाचं तेच, तो ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी संपतो.

त्रिनिदादला जाणाऱ्याने पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. भारत त्रिनिदादला पीतज्वराच्या देशांत धरतो, आणि परतताना प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं.

अमेरिकेत कामाच्या व्हिसावर असलेल्यांसाठी पोर्टो रिको हा वेगळाच तोडगा. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला असेल, तर बार्बाडोसहून अमेरिकेत परतणं अडचणीचं होतं. पोर्टो रिको अमेरिकेचाच भाग असल्याने तिकडचं विमान देशांतर्गत धरलं जातं. पासपोर्ट आणि कागदपत्रं मात्र बरोबर हवीत. मायामीहून सॅन ह्वान अडीच तासांवर. जुन्या शहराच्या निळसर फरसबंदी गल्ल्या, एल युंकेचं वर्षावन आणि सेइबाहून बोटीने गाठता येणारी व्हिएकेस व कुलेब्रा ही बेटं चार दिवसांत आरामात होतात. व्हिएकेसच्या मॉस्किटो बेमध्ये अंधाऱ्या रात्री हात फिरवला की पाणी निळं उजळतं. ते सूक्ष्मजीवांचं काम. पौर्णिमेच्या आसपास गेलं तर चंद्रप्रकाशात ते नीट दिसत नाही.

मायामीहून निघणारी तीन-चार रात्रींची बहामा क्रूझ लहान मुलांच्या आणि आजी-आजोबांच्या कुटुंबाला सोपी पडते: खोली, जेवण, प्रवास एकाच तिकिटात. रोजची टिप, पेयं आणि किनाऱ्यावरच्या सफरी मात्र वेगळ्या. भारतीय पासपोर्टवाल्याकडे परत शिरण्यासाठी अमेरिकेचा अनेक-प्रवेश व्हिसा असावाच लागतो.

बिलात न दिसणारं

एका सुट्टीत चार बेटं करण्याचा मोह आवरावा. बेटांमधली विमानं छोटी, फेऱ्या मोजक्या, आणि करांमुळे तिकिटं अंतराच्या मानाने महाग. या भागात अनेक दशकं उडणारी ‘लियाट’ ही विमानकंपनी २०२० मध्ये कोलमडली, तेव्हा तर बेटांमधला संपर्कच विस्कळीत झाला होता. दुसरं बेट हवंच असेल, तर बोटीने जाता येईल असं निवडावं. सेंट व्हिन्सेंटहून बेक्वियाला तासाभरात बोट पोचवते.

हॉटेलच्या जाहिरातीतला दर बहुधा कर आणि दहा टक्के सेवाशुल्क वगळून असतो. शेवटचा आकडा विचारूनच तुलना करावी. भारतातून टूर पॅकेज घेतलं की त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, आकारला जातो, तो आयकर विवरणपत्रात वळता करून मिळतो. बॅग भरताना लष्करी छापाचे कपडे घरीच ठेवावेत. बार्बाडोस, त्रिनिदाद, जमैका अशा अनेक देशांत ते घालणं कायद्याने गुन्हा आहे, मुलांनासुद्धा.

पैशांचं म्हणाल तर ग्रेनेडा, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट यांसह आठ ठिकाणी चालणारा पूर्व कॅरिबियन डॉलर अमेरिकी डॉलरला २.७० या दराने बांधलेला आहे. बार्बाडियन डॉलर मात्र बेटाबाहेर बदलून मिळणं कठीण. उरलेल्या नोटा विमानतळावरच संपवलेल्या बऱ्या. तिथल्या दुकानात पिवळाधमक, मोहरी घातलेला मिरचीचा सॉस मिळतो, आणि १७०३ पासूनचा दाखला सांगणारी माउंट गे रमही.