डोंगरावरील दर्यादेवता : एकवीरा आणि कोंपिरा यांच्या निमित्ताने

समुद्रावर उपजीविका करणाऱ्या समाजाची देवता समुद्रकाठीच असावी, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. कोकण किनाऱ्यावर मात्र ती पुरती खरी ठरत नाही. कोळी व आगरी समाजातील असंख्य कुटुंबांची कुलदेवता एकवीरा ही बोरघाटापलीकडे, कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी वसलेली आहे. कळंबोलीहून निघणारा पुण्याचा द्रुतगती मार्ग आज ज्या घाटातून वर चढतो, तीच ही वाट. दर्यावर्दींची देवी इतक्या आत कशी, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ आपला नाही. जपानमधील शिंतो परंपरेत सागरदेवतांची स्थाने बहुधा पाण्यालगत आहेत. ओसाकाचे सुमियोशी हे पूर्वी किनाऱ्यावरच होते; इत्सुकुशिमाचे तोरण तर भरतीच्या पाण्यात उभे असते. परंतु नाविकांचा लाडका देव कोंपिरा शिकोकू बेटावरील डोंगरात असून मुख्य मंदिरासाठी ७८५ पायऱ्या चढाव्या लागतात. या देवाचे नाव संस्कृत ‘कुंभीर’ म्हणजे मगर या शब्दावरून, बौद्ध धर्माच्या वाटेने, तेथे पोहोचले. १८६८ मध्ये मेइजी शासनाने बौद्ध व शिंतो उपासना विभक्त केल्यावर हे स्थान शुद्ध शिंतो ठरविण्यात आले. डोंगराचे कारण तेथे बरेचसे व्यावहारिक दिसते : अंतर्गत समुद्रातून जाणाऱ्या गलबतांना तो दिशादर्शक खूण होता.

कार्ल्याला हे स्पष्टीकरण लागू पडत नाही; तेथून समुद्र दिसत नाही. तेथील उलगडा व्यापारी मार्गात शोधावा लागतो. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतून माल घाटमाथ्यावर जाई. कार्ल्याच्या शिलालेखांत सोपाऱ्याच्या दात्याचा तसेच धेनुकाकटच्या यवनांचा उल्लेख आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी मातृदेवतांची प्राचीन ठाणी आणि जुन्या वाटांची तिठी-चव्हाठी यांचा संबंध दाखविला आहे. तो स्वीकारला तर किनारा आणि घाटमाथा यांतील दळणवळणातूनच हे नाते जडले असावे, असे अनुमान करता येते. याला थेट पुरावा नाही, हेही नमूद केले पाहिजे.

प्रसाराची रीत मात्र दोन्हीकडे भिन्न आहे. जपानमध्ये मूळ देवतेचा अंश विधिपूर्वक नव्या स्थानी नेला जातो. दिवा दिव्याला लावावा तसा, मूळ उणे होत नाही. एदो काळातील जहाज-व्यापाराबरोबर कोंपिराची उपस्थाने बंदरोबंदरी अशीच वाढली. आपल्याकडे कुलदेवतेचा टाक देवघरात असतो, पण मानाची पूर्तता मूळ ठाण्यावर गेल्यावाचून होत नाही. तेथे देव प्रवासाला निघतो, येथे भक्त. गावची रोजची राखण गावदेवीकडे. वरळीची गोल्फादेवी दर्यावर जाणाऱ्यास कौल देते. नारळी पौर्णिमेचा नारळ तर कोणत्याही मंदिरात नव्हे, थेट समुद्रालाच अर्पण होतो.

हा भेद आपल्या परिसरात विशेष जाणवतो. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यावर पनवेल-ठाणे पट्ट्यातील ९५ गावांच्या जमिनी नव्या नगरासाठी संपादित झाल्या. भराव पडले, खाडीशी असलेला पिढीजात व्यवहार आटला, अनेक घरांतील मासेमारी सुटली. उपासना केवळ खाडीकाठच्या ठाण्याशी बांधलेली असती, तर तीही बहुधा क्षीण झाली असती. तिचे केंद्र घाटावर असल्याने ते अबाधित राहिले. जाळे न उचललेली पिढीही चैत्रात पालखीबरोबर कार्ल्याची वाट चालते.