लेकराची फाईल आहे, आईबापाची कुठे आहे?

पहाटेची विरार लोकल. नालासोपाऱ्याला गर्दीत एक आई चढते. कडेवर तोंडाला मास्क बांधलेले लेकरू, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जाडजूड फाईल. निघाली परळला, टाटा, वाडिया, नाहीतर केईएमला. अशा आया आम्ही नेहमी पाहतो. गाडीतल्या बायका सरकून जागा देतात, 'बाळाला काय झालंय?' विचारतात. 'बाई, तू जेवलीस का? रात्री झोपलीस का?' हे मात्र कुणीच विचारत नाही!

मूल गंभीर आजारी पडले की अख्खे घर आजारी पडते. बाप नाक्यावरचा बिगारी असेल तर एक खाडा म्हणजे एक दिवसाची चूल बंद. आईची धुण्याभांड्याची कामे सुटतात. दुसरे पोर शेजारणीच्या भरवशावर. वर सावकाराचे कर्ज. त्यात सासरची बोलणी, 'हिच्याच पायगुणाने झाले!' वास्तविक थॅलेसेमिया मेजर किंवा सिकलसेल आजार मुलाला होतो तो आई आणि बाप या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यावर. तरी दोषी एकटी बाईच! मग नवस, गंडेदोरे, बुवा. आणि उरलासुरला पैसाही संपतो.

आम्हां आंबेडकरी माणसांना हे दुःख परके नाही. रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे माता रमाईंनी गमावली. जुलै १९२६ मध्ये राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेबांसारखा महामानवही आतून मोडला होता. मार्च १९२७ मध्ये ते महाडला चवदार तळ्यावर उभे होते, हा इतिहास आहे. पण म्हणून प्रत्येक आईबापाने दुःख मुकाट गिळावे, असा त्याचा अर्थ नव्हे. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणातील सवलतींच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, अशीच भूमिका घेतली. आईला विश्रांती मिळणे हे देशाचेच हित, हा त्यांचा विचार होता.

तोच न्याय आजारी लेकराच्या आईला का नको? केंद्र सरकारच्या नोकरीतील आईला २००८ पासून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. ती असावीच. पण धुणीभांडी करणाऱ्या, कंत्राटावर झाडू मारणाऱ्या आईला किती दिवस? शून्य! महात्मा फुल्यांच्या नावाची जन आरोग्य योजना उपचाराचा खर्च उचलते. बुडालेली मजुरी तिच्या हिशोबात बसत नाही.

ज्या सोपाऱ्यातून ही आई गाडीत चढते, तिथे १८८२ मध्ये बौद्ध स्तूपाचे उत्खनन झाले. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही याच परिसरात सापडले. त्याच अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची सोय केल्याचे कोरून ठेवले आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी राज्यसत्तेला जे कर्तव्य वाटले, ते आज भीक का वाटावे?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. दीर्घ उपचार घेणाऱ्या मुलाच्या एका पालकाला निर्वाह भत्ता द्या. रुग्णालयात आईबापासाठी समुपदेशक नेमा. वसई-विरार महापालिकेने आपल्या हद्दीतील अशा कुटुंबांची नोंद ठेवावी.

आणि तोवर आपण काय करणार? बुद्धविहारात वंदनेनंतर एवढेच ठरवा: वस्तीतल्या अशा घरी आठवड्यातून दोन डबे कोण देणार, दुसऱ्या पोराला शाळेत कोण सोडणार, रुग्णालयात एक रात्र आईच्या जागी कोण बसणार. करुणा ही नुसती गाथेत म्हणायची नसते. ती पाळी लावून करायची असते.