मोबाईलवरचा पारा आणि पत्र्याखालचा उकाडा

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात वस्तीतली पोरे मोबाईलवर पारा मोजत बसतात. मैदानी भागात ४५ अंश गाठले की हवामान खाते उष्णतेची लाट मानते. पण तो आकडा सावलीतल्या हवेशीर पेटीत मोजलेला असतो. पत्र्याखालची आपली खोली त्याहून तापते, रात्रीही लवकर निवत नाही. म्हणून आम्ही सांगतो, आकड्याबरोबर घरातल्या माणसांकडेही बघा. म्हातारी माणसे, तान्ही बाळे, गरोदर बाया आधी.

अंग भाजते आहे, बोलणे बरळल्यासारखे झाले, तर तो उष्माघात समजा. खिशातला कांदा किंवा अंगारा कामाचा नाही. १०८ ला फोन करा, सावलीत निजवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. जय भीम!