आधी पाणी वळवा, मग भिंत धरा

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या दक्षिणेला पार्मा नावाचं उपनगर आहे. १९५० ते १९६० या १० वर्षांत तिथली वस्ती जवळपास तिप्पट झाली. युद्धावरून परतलेल्यांना, पोलादाच्या आणि मोटारींच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना घरं हवी होती. बांधकामवाल्यांनी ती झपाट्यानं उभी केली. वर लाकडी सांगाडा आणि खाली काँक्रीटच्या पोकळ ब्लॉकचं तळघर, असा त्यांचा साधा साचा. आज या घरांनी सत्तरी गाठली आहे. नव्या घरांच्या मानानं ती स्वस्त पडतात, त्यामुळे इथे पहिलं घर घेणारी मराठी मंडळीही ती बघायला जातात. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि अशी घरं तपासणं हे माझं रोजचं काम आहे. घर घेणाऱ्यांना वरचं स्वयंपाकघर बघायची घाई असते. माझा आग्रह असतो की पहिला अर्धा तास तळघराला द्यावा.

या घरांना तळघर आलं ते थंडीमुळे. हिवाळ्यात जमीन वरून खाली गोठत जाते, आणि पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पाया या गोठणाऱ्या थरात राहिला तर दर हिवाळ्यात उचलला जाईल. म्हणून क्लीव्हलंडच्या भागात तो निदान ३ फूट खाली न्यावा लागतो. एवढं खणायचंच, तर आणखी चार-पाच फूट खणून एक अख्खा मजला मिळतो, हा त्यामागचा हिशेब.

त्या भिंतीसाठी ब्लॉक सोयीचा ठरला. हार्मन पामर यांनी १९०० साली पोकळ ब्लॉक बनवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे पेनसिल्व्हेनियाच्या फ्रान्सिस स्ट्रॉब यांनी जळलेल्या कोळशाची जाडसर राख वापरून हलका ब्लॉक काढला, त्याचं पेटंट १९१७ चं. दर्शनी बाजूला १६ इंच लांब, ८ इंच उंच असा हा ब्लॉक दोन माणसं भराभर रचू शकत. फर्म्यांची गरज नाही, ओतकामाचा व्याप नाही. पण त्या काळच्या बहुतेक भिंतींमध्ये लोखंडी सळई नाही आणि ब्लॉकच्या पोकळ्याही भरलेल्या नाहीत. अशी भिंत वरून येणारा भार उत्तम पेलते. बाजूनं रेटा आला की मात्र ती दुबळी, कारण तिला एकत्र धरून ठेवतो तो फक्त सांध्यांतला माल.

आणि बाजूनं रेटा येतोच. मी सोलापूरची आहे. चैत्र-वैशाखात काळ्या रानाला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात त्या मिटतात, हे मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. एरी सरोवराच्या काठची चिकणमाती आपल्या काळ्या मातीइतकी फुगत नाही, पण तिचा स्वभाव त्याच जातीचा. उन्हाळ्यात ती आकसते आणि भिंतीपासून सुटते. मधे फट पडते. पुढच्या जोराच्या पावसात त्या फटीत पाणी भरतं, माती फुगते आणि भिंतीवर रेलते. हिवाळ्यात तीच ओली माती गोठून आणखी रेटते.

हा रेटा किती असतो? भिंतीबाहेर नुसतं पाणीच २ मीटर उंचीपर्यंत साचलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे २ टन जोर येतो. १० मीटर लांबीच्या भिंतीवर २० टन. मातीचा जोर त्याखेरीज. भिंतीला वरून मजल्याच्या तुळया धरतात, खालून फरशीचं काँक्रीट धरतं, मधल्या उंचीवर धरणारं कुणी नसतं. म्हणून पोट मधे सुटतं, आणि जमिनीच्या पातळीखाली दोन-तीन फुटांवर एका आडव्या सांध्यात चीर पडते. ब्लॉकच्या भिंतीत ही आडवी चीर सगळ्यांत गंभीर समजायची. कोपऱ्याजवळ पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी चीर कधी पाया खचल्याची खूण असते, तर कधी मधलं पोट आत येत असल्याची. उभी, केसासारखी बारीक चीर बहुतेक वेळा आकसण्यामुळे पडलेली असते आणि ती फारशी घातक नसते.

म्हणजे तळघरात दोन वेगळे प्रश्न असतात. पाणी आत येणं हा एक आणि भिंत आत येणं हा दुसरा. बऱ्याचदा दोन्हींचं मूळ बाहेरच्या पाण्यात असतं, पण इलाज वेगळे आहेत आणि त्यांना क्रम आहे. तो क्रम सोडून केलेला खर्च भिंतीच्या कामी येत नाही.

एका मराठी जोडप्यासाठी मी पार्म्यातलं एक घर तपासत होते. मुलीची आई अहिल्यानगरहून आलेली होती, त्याही आमच्याबरोबर खाली उतरल्या. उत्तरेकडच्या भिंतीला ताजा पांढरा रंग दिलेला होता. आईंनी खालच्या दोन थरांवरून बोट फिरवलं, बोटाला पांढरी भुकटी लागली. "लोणा लागलाय गं भिंतीला," त्या मुलीला म्हणाल्या, "रंगाच्या खाली पाणी आहे." अगदी बरोबर. पाणी ब्लॉकमधून झिरपताना सिमेंटमधले क्षार विरघळवून आणतं, पृष्ठभागावर वाळतं आणि क्षार मागे राहतात. लोणा भिंतीला स्वतःहून पाडत नाही, पण पाण्याची वाट नेमकी दाखवतो.

मग मी बॅटरी भिंतीला चिकटवून, प्रकाश भिंतीवरून सरपटेल अशी धरली. समोरून न दिसलेली एक बारीक सावली रंगाखाली आडवी पसरलेली दिसली, वरून पाचव्या थराच्या सांध्यात, जवळजवळ भिंतभर. वरच्या तुळईला ओळंबा बांधला आणि दोरी भिंतीपासून २ इंच सुटी सोडली. माथ्याशी अंतर २ इंच, तळाशी २ इंच, पाचव्या थराशी जेमतेम १ इंच. भिंतीनं १ इंच पोट काढलं होतं. हे काम कुणालाही घरच्या घरी जमतं. ओळंबा, पट्टी आणि पेन्सिल एवढंच सामान लागतं. चिरेच्या दोन्ही बाजूंना खुणा करून शेजारी तारीख लिहावी आणि उन्हाळ्यात, हिवाळ्यात पुन्हा मोजावं. जुनी, थांबलेली चीर आणि अजून सरकत असलेली चीर यांत फार फरक असतो, आणि तो मोजल्याशिवाय कळत नाही.

ओल आतली की बाहेरची, हेही तपासता येतं. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवायचा आणि एक-दोन दिवस ठेवायचा. खोलीकडच्या बाजूला दव जमलं, तर उन्हाळ्यातली दमट हवा थंड भिंतीवर निवतेय. तिथे हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवणारं यंत्र पुरतं. भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं, तर ते मातीतून येतंय.

मातीतून येत असेल तर पहिलं काम घराबाहेर आणि छतावर. १,००० चौरस फूट छतावर १ इंच पाऊस पडला की सुमारे २,३५० लिटर पाणी जमा होतं. पन्हळ पानांनी तुंबली असेल, किंवा तिचा खाली येणारा पाइप भिंतीच्या कोपऱ्यातच रिकामा होत असेल, तर हे सगळं पाणी आपणच आपल्या पायात ओततो. त्या उत्तरेकडच्या भिंतीबाहेर नेमकं हेच होतं. पाइपाचं शेवटचं वळण तुटलेलं आणि खालची जमीन घराकडे कललेली. पन्हळ साफ करावी, पाइप लांबवून पाणी निदान ६ फूट आणि जमलं तर १० फूट दूर सोडावं. भिंतीलगतच्या जमिनीला पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार द्यावा, इथल्या बांधकाम नियमांत हेच माप आहे. भरावाला वाळू नको, घट्ट बसणारी माती हवी. खचलेला, घराकडे कललेला ड्राइव्हवे उचलून घ्यावा. या कामांना फार तर काही शे डॉलर लागतात, ड्राइव्हवेचा खर्च वेगळा. ती करून एक पावसाळी ऋतू वाट पाहावी. पुष्कळ तळघरं एवढ्यानंच कोरडी होतात.

आतून लावायच्या जलरोधक रंगाबद्दल स्पष्ट सांगते. पाण्याचा जोर पलीकडून असताना अलीकडून लावलेला रंग टिकत नाही. मागून पाणी आणि क्षार ढकलत राहतात, रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात. तोवर पोकळ्यांत पाणी साचत राहतं आणि आडवी चीर रंगाखाली झाकली जाते. काही मिनिटांत घट्ट होणारं, घट्ट होताना किंचित फुगणारं सिमेंट मिळतं. एखाद्या भोकातून धार लागली असेल तर ती बंद करायला ते चांगलं. भुसभुशीत सांधे खरवडून नव्यानं दरजा भरणंही योग्यच. पण ही डागडुजी झाली, बंदोबस्त नव्हे.

तरीही पाणी येत राहिलं, तर दोन मार्ग उरतात. पहिला आतून. भिंतीलगत फरशीचा फूटभर पट्टा फोडायचा, फूटिंगच्या, म्हणजे भिंतीखालच्या काँक्रीटच्या पट्ट्याच्या, खाली न जाता चर खणायचा, खडीत ४ इंची छिद्रांचा पाइप टाकायचा आणि त्याचा उतार सम्पकडे, म्हणजे पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्याकडे, काढायचा. ब्लॉकच्या भिंतीत एक गोष्ट विसरता कामा नये. सगळ्यांत खालच्या थरात प्रत्येक पोकळीला भोक पाडावं लागतं. भोक पडताच आत साचलेलं तांबूस पाणी धारेनं बाहेर येतं आणि भिंत आतून किती भरली होती ते समोर दिसतं. सम्पच्या पंपाला बॅटरीची जोड हवीच, कारण ज्या वादळात पाणी येतं त्याच वादळात वीज जाते. सम्पवर हवाबंद झाकण हवं. जमिनीतून येणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू उघड्या सम्पमधून आणि ब्लॉकच्या पोकळ्यांतून घरात शिरतो. तो दिसत नाही, वास येत नाही आणि त्यानं फुप्फुसाचा कर्करोग होतो. तो मोजायचं साधन दुकानात मिळतं. इथल्या पर्यावरण खात्याची ४ पिकोक्युरी प्रतिलिटर ही पातळी गाठली किंवा ओलांडली तर उपाय करायलाच हवा.

दुसरा मार्ग बाहेरून, खर्चिक पण मुळावरचा. फूटिंगपर्यंत खणायचं, भिंत घासून धुवायची, सिमेंटचा गुळगुळीत गिलावा करायचा, त्यावर जलरोधक पडदा आणि उठावदार ठिपक्यांची प्लॅस्टिकची पाटी, तळाशी खडीत नवा पाइप. जुन्या घरांतले मातीचे पाइप गाळानं आणि मुळ्यांनी बुजलेले असतात, डांबराचा जुना हात तडकलेला असतो. हे काम हौसेनं स्वतः करू नये. ५ फूट किंवा त्याहून खोल चरात माती ढासळू नये म्हणून आधार लावल्याशिवाय माणसाला उतरवता येत नाही, असा अमेरिकेत कामगार सुरक्षेचा नियम आहे, आणि तो जीव गेल्यावर झालेला नियम आहे. खणण्याआधी ८११ वर फोन करून गॅस आणि विजेच्या वाहिन्या आखून घ्याव्यात.

यातलं काहीही वाकलेल्या भिंतीला बळ देत नाही. आतला पाइप फरशी कोरडी ठेवतो आणि पाण्याचा जोर उतरवतो, मातीचा रेटा मात्र तसाच राहतो. पोट साधारण २ इंचांपर्यंत असेल तर कार्बन फायबरचे पट्टे इपॉक्सीनं चिकटवतात. ते रंग खरवडून उघड्या केलेल्या ब्लॉकवरच बसवायचे आणि वरच्या लाकडाला, खालच्या फूटिंगला नीट बांधायचे. त्याहून जास्त असेल, किंवा खालचा थरच आत सरकला असेल, तर पोलादी खांब उभे करतात किंवा अंगणात पुरलेल्या पाट्यांना सळईनं भिंत बांधून घेतात. बाहेरची माती काढलेलीच असेल तर भिंत हळूहळू ओळंब्यात आणून पोकळ्यांत सळई आणि काँक्रीट भरता येतं. फारच गेलेली भिंत घर जॅकवर तोलून पुन्हा बांधतात.

त्या जोडप्यानं अहवाल दाखवून घराची किंमत कमी करून घेतली. आधी पन्हळ आणि उतार, मग माझ्या आराखड्याप्रमाणे पट्टे. पेन्सिलच्या खुणा त्यानंतर हललेल्या नाहीत.

असं घर घेणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: तपासणारा इंजिनिअर आणि दुरुस्ती करणारा ठेकेदार एकच नसावा. ठेकेदाराची मोफत तपासणी बहुधा त्याच्याकडे जे विकायला आहे त्यावर येऊन थांबते. नेहमीच्या घरविम्यात मातीतून झिरपणारं पाणी धरलेलं नसतं, हेही सही करण्याआधी वाचून घ्यावं. आणि भिंत बघून घाबरून घर सोडू नये. सत्तर वर्षं घर पेललेली भिंत टाकाऊ नसते. तिच्यावरचा पाण्याचा भार काढला, गरज असेल तिथे तिला आधार दिला, तर ती पुढच्या पिढीलाही पुरेल. त्यातलं पहिलं काम आपल्या आवाक्यातलं आहे. येत्या शरदात पानं गळून झाली की शिडी लावा, पन्हळ साफ करा आणि पाणी कुठे पडतं ते पावसात उभं राहून बघा.