दवाखाना रुग्णालयाचा झाला, की बिल का वाढते?

धारवाड रेल्वे स्थानकाजवळच्या मळमड्डीसारख्या जुन्या वस्तीतील स्वतंत्र दवाखान्याचा व्यवहार सरळ असतो. डॉक्टर तपासणीची फी घेतात. रक्ततपासणी कोठे करावी, औषधे कोणत्या दुकानातून घ्यावीत, हे रुग्ण ठरवतो. रुग्णालयाने असा दवाखाना विकत घेतला किंवा डॉक्टरांना पगारावर नेमले, तर डॉक्टर तेच आणि आजारही तोच राहतो. मग खर्च का वाढतो?

पहिले कारण दरांचे. अमेरिकेत २००७ ते २०१३ या काळातील अशा खरेदी-व्यवहारांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयाच्या ताब्यात गेलेल्या डॉक्टरांच्या सेवांचे दर सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात आढळले. यातील जवळपास निम्मी वाढ केवळ देयकांच्या नियमांचा लाभ उठवल्यामुळे झाली होती.

दुसरे कारण अधिक खोल आहे. रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली घेण्यास भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने मनाई केली आहे. परंतु डॉक्टर, प्रयोगशाळा आणि औषधालय एकाच मालकाचे असतील, तर दलाली देण्याची गरजच उरत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीतून होणारा नफा संस्थेतच राहतो. हा नफा किती असू शकतो? राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा आकारल्याचे उघड झाले.

एका छताखालील उपचारांचे लाभही नाकारता येत नाहीत. नोंदी एकत्र राहतात, तातडीच्या प्रसंगी धावाधाव वाचते. प्रश्न आहे तो निवडीच्या स्वातंत्र्याचा.

कर्नाटकात खासगी वैद्यकीय आस्थापनांसाठी २००७ चा कायदा आहे. त्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. दरपत्रक लावणे बंधनकारक आहे आणि तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर प्राधिकरण आहे. मात्र रुग्णालयाच्याच औषधालयातून खरेदीची सक्ती होत असल्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये देशव्यापी आदेश दिला नाही. धोरण ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले.

त्यामुळे कर्नाटक असो वा गोवा, तूर्त रुग्णानेच सावध राहणे हिताचे. बाबवार बिल मागावे, दरपत्रक पाहावे आणि तातडी नसेल तेव्हा ‘ही चाचणी बाहेरून केली तर चालेल का?’ असे निःसंकोच विचारावे.